केर्त्तूची बरणी

होडीची खोली म्हणते ती तिला.
होडी तिथे कुणी पाहिलेली नाही.
लांब बाक, त्यावर मेणकापड,
मेणकापडावर माझा रेग्युलेटर, सुटा सुटा,
जेवण झाल्यावर ताटाच्या कडेला
माशाचे काटे मांडून ठेवावेत तसा.

केर्त्तू एकेक ओ-रिंग चिमटीत धरते, ताणते,
दिव्यासमोर नेते.
“ही चीर दिसते?”
मला दिसत नाही.
“दिसेल,” म्हणते, “उन्हाळ्यापर्यंत.”
चीर वाढेल, की माझी नजर,
हे विचारायचं राहून जातं.

खाण इथून चार किलोमीटर.
चुनखडी संपली तसे एक दिवस पंप बंद केले
आणि पाणी आपल्या घरी परत आलं.
डिसेंबर ते एप्रिल वर बर्फ,
खाली रूळ, दोन वाघिणी, एक लोखंडी शिडी
आणि पिठासारखा गाळ;
पाय लागला की पांढरा अंधार.

पहिल्या हिवाळ्यात तिने मला
पाण्याला बोटही लावू दिलं नाही.
स्टुलावर बसवलं, पाठीवर दोन टाक्या,
डोक्यावरून सौनातला टॉवेल, हातांत जाड मोजे.
“उजवी बंद.”
मानेमागे हात, झडप, साडेतीन फेरे.
“डावी तोंडात.”
पुन्हा.
पुन्हा.
चुलीवर बटाटे, रेडिओवर आइस हॉकी,
आणि सोलाण्याचा हात पुसत ती मधूनच येऊन
न सांगता माझी नळी ओढायची.
हाताला वळण लागू दे, म्हणायची,
डोकं तिथे नेहमी उशिरा पोचतं.

मार्चमधला रविवार. उणे अकरा.
पुढे ओस्सी, आमच्यामध्ये दोरी.
सोळा मीटरवर, शिडीच्या वाकलेल्या पायरीशी,
माझ्या श्वासाला अचानक आवाज फुटला
आणि थांबेचना.
तोंडात वारा, गालांत वारा,
बुडबुड्यांनी मास्क थडथडतोय,
टाकीतली हवा वर जाऊन
बर्फाच्या पोटाला पाऱ्यासारखी पसरतेय.
घाबरले का?
घाबरायलाही वेळ लागतो,
तोवर हात मानेमागे जाऊन आला होता.
उजवी बंद.
डावी तोंडात.
आणि शपथेवर सांगते,
त्या पाण्यात मला बटाट्यांचा वास आला.

ओस्सीने दिवा गोल फिरवला. मीही फिरवला.
मग दोरी, फक्त दोरी,
मग भोक, त्यातून घुसणारं ऊन,
आणि कुणीतरी बगलेत हात घालून ओढलं.

संध्याकाळी मी तिच्या बाकाशी उभी,
खोटं कशाला बोलू, शाबासकीसाठी.
तिने सगळं उघडलं.
स्प्रिंग सरळ. बैठक स्वच्छ. रिंगा धडधाकट.
चष्मा कपाळावर चढवून म्हणाली,
“उतरण्याआधी, वर, बर्फावर उभी असताना,
फुंकलीस यात?”
दोनदा. चालतोय ना, एवढंच पाहायला.
“तुझीच वाफ,” ती म्हणाली. “आत गेली, गोठली,
झडप उघडीच राहिली.”

फळीवर एक बरणी आहे, लिंगनबेरीच्या जॅमची.
दगा दिलेलं सगळं तिच्यात जातं,
कागदाच्या पुडीत, वर तारीख आणि तळ्याचं नाव:
तडकलेलं रबर, गंजलेला स्क्रू,
कुणाच्या तरी मास्कच्या पट्ट्याचं बक्कल.
यावेळी टाकायला काही नव्हतं.
तिने रिकाम्या कागदाची पुडी वळली,
वर माझं नाव लिहिलं,
झाकण लावलं.

मग टूथब्रश दिला आणि घमेलं.
“पाणी कोमट घे. कढत नको.”
खुंटीवरून ड्राय सूट ठिबकत होते,
मोजे चुलीपासून हातभर लांब.
मी एक रिंग चिमटीत धरली, ताणली,
दिव्यासमोर नेली.
काहीतरी दिसलं, केसाएवढं.
केसच असेल, माझाच.
तरी मी ती बाजूला ठेवली
आणि तिला हाक मारली.