बाबालालचं पेन

धायरीच्या गॅलरीत, वॉशिंग मशीनशेजारी
माझा लेथ. दीड फुटी, जुना,
दुपारी लावायचा नाही
असं खालच्या साठेबाईंना लिहून दिलंय.

भोसरीत एकतीस वर्षं शाफ्ट कातले,
कुणाच्या गाड्यांत गेले माहीत नाही.
आता एबोनाइटचा दांडा चकात धरतो.
काळी साल वळत वळत सुटते
आणि गंधकाचा वास थेट स्वयंपाकघरात.

बाबालाल मुलाणीला पेन हवं होतं.
अंगठ्याशेजारची त्याची दोन बोटं
सत्याऐंशी साली प्रेसखाली राहिली,
सेकंड शिफ्टला.
त्या दिवशी डाय मी बसवली होती.
हे आम्ही कधी बोललो नाही.

कणकेचा गोळा दिला त्याला, म्हटलं, धर,
लिहितोस तसा.
अंगठ्याचा एक खळगा, अनामिकेचा एक,
मध्ये उंचवटा,
जिथं काहीच टेकत नाही.

लेथला फक्त गोल कळतं.
खळगे कानशीनं, हातानंच काढावे लागले.
तीन दांडे वाया.
चौथ्याला आटे नीट बसले,
टोपण अडीच फेऱ्यांत बंद,
शेवटी हवेचा बारीक उसासा.

काल आला, दिघीहून दोन बस बदलून.
आधी नुसत्या गिरगोट्या, सगळे काढतात तशा.
मग सही. मग पेन
डोळ्यासमोर आडवं धरून बराच वेळ पाहिलं.

‘अर्धं सूत जाड झालंय,’ म्हणाला.
‘चुकलं तुझं.’

चुकलंच होतं.
त्यानं ते खिशाला लावलं
आणि चहा मागितला.