अर्धा इंच मोठी पुली

अणुस्कुऱ्याच्या सातव्या वळणावर ती पहिल्यांदा रडली.
वाटलं, मागे एसटी असेल,
तिचाच काहीतरी आवाज.
चाक वळवलं तसा तो चढला,
सोडलं तसा उतरला,
आणि स्टिअरिंग एकदम जात्यासारखं जड.

पालिओ, एक पॉइंट सहा, दोन हजार दोनची.
मी तेव्हा राजापुरात विज्ञान शिकवायचे.
"बाईमाणसाला एवढी पळणारी गाडी?"
स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं होतं.
मी पेपर तपासत राहिले. बत्तीस पैकी नऊ. नापास.

आता उजवा खांदा गोठलाय,
असं डॉक्टर म्हणतात.
कोकणात. मे महिन्यात.

कोल्हापूरचा मेकॅनिक म्हणाला, हा पंप मिळत नाही, भंगारात घाला.
पुण्याचा म्हणाला, मिळेल, पण नवी घ्या मॅडम,
नवीत एका बोटानं वळतं.

म्हणून नाट्याला आले, शौकत होडेकरकडे.
तो ट्रॉलरची इंजिनं उघडतो,
जेटीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये,
जिथे ग्रीसमधून सुकटीचा वास
वेगळा काढता येत नाही.
गाडीसमोर तो नुसता उभा राहिला,
भरतीच्या आधी उभं राहावं तसा.
मग म्हणाला,
"रडत नाय ती, बाय. हवा गिळतेय."
टाकीचं झाकण काढून दाखवलं:
तेल असायला हवं होतं आगळासारखं लालभडक,
झालं होतं सोलकढी.

हातखंब्याला उलटलेल्या एका सफारीचा पंप त्यानं मिळवला,
ब्रॅकेट कापलं मोडीत निघालेल्या होडीच्या पत्र्यातून.
चार दिवस गेले. मी रोज डबा घेऊन येत होते
आणि नको तिथे टॉर्च धरत होते.

बसवला. सड्यावरून आंबोळगडाकडे निघाले.
खरंच, एका बोटानं.
इतकं हलकं की हातांना
कळेचना, चाकाखाली डांबर आहे, रेती आहे
की काहीच नाही.
वळण माझ्याआधीच वळून मोकळं.
मी ऐंशीवरून चाळीसवर आले
आणि चाळीसला घाबरले.

"रस्ता गेला कुठे रे?" मी परत येऊन विचारलं.
तो हसला नाही.
"पंप मोठा, वर फिरतोय जोरात.
हद्दीभायर मदत करतोय."
लेथवर दुसरी पुली चढवली,
पहिलीपेक्षा अर्धा इंच मोठी,
म्हणजे पंप सावकाश फिरेल.
लोखंडाची सालं निघत होती, चकलीसारखी, निळी पडत.
"सुकान धरलंय कधी?
पाण्याचा धक्का हातात आला नाय
तर माणूस खडकावरच जातो."

शेवटी हवा काढायची.
पुढची चाकं चिऱ्यांवर उचललेली, इंजिन बंद,
मी आत, तो टाकीवर वाकलेला.
"डावीकडे. पूर्ण. हळू.
आता उजवीकडे."
दर फेरीला खांदा आतून करकरला.
भिंतीवर बोटं चालवायचा व्यायाम
मी तीन महिने चुकवत होते,
तो इथे करत होते, वीसदा, तीसदा.
"येतायत का बुडबुडे?"
"येतायत."
"अजून?"
"बाय, बावीस वर्सांची गाडी. गप फिरव."

गुरुवारी पुन्हा अणुस्कुरा.
सातव्या वळणावर कडेची खडी
तळहाताला लागली, बारीक,
तांदूळ निवडताना लागते तशी.
जड नव्हतं. हलकं नव्हतं.
आठवं वळण मी जरा जास्तच वेगात घेतलं.

सकाळी बघते तर गाडीखाली एक लाल थेंब.
फोन केला.
मागे लाटा होत्या, की कुणाचं इंजिन.
"एक ना? मग असूंदे.
होडीत पण पाणी येतंच."

खाली करवंटी ठेवली आहे.
शनिवारी बघते, किती भरते.