शीळ

तेराव्यानंतर ड्रॉवर उपसला
तर जीरावनच्या रिकाम्या डबीत
बाबांचं कानाचं मशीन.

तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात बसून
अख्ख्या इंदूरचं ऐकलं, म्हणायचे,
आता निवडून ऐकणार.
काकांनी वाटणीचं काढलं
की यांचं बोट हळूच कानामागे.
मग नुसते हसरे होकार,
आणि पोह्यांवर आणखी एक चिमूट.
विमा विकायला आलेल्या पोराच्या तर
तळहातावरच ठेवलं होतं एकदा :
"लो भिया, इसी को बता दो."

कधी कधी ते आपोआप शीळ घालायचं.
तेव्हा ओजसच्या कानाशी वाकून,
"समोरची सप्रेबाई बोलावतेय मला.
आजीला सांगायचं नाही हं."
तो धावत जाऊन सांगायचा.
त्याच्यासाठीच तर सांगितलेलं असायचं.

आज ओजसनं नवा सेल घातला,
मशीन मुठीत दाबलं
आणि वाजलं ते. बारीक, लांबलचक.

आत वाती वळत होती आई.
तिचा हात थांबला.
"सप्रेबाई मागच्याच वर्षी पोचलीय तिकडे,"
ती म्हणाली,
"तरीच एवढी घाई."