सत्तावीस नंबर

माती मे महिन्यातच मोजायची असते,
कारण केबल काही फक्त पावसाळ्यापुरती पुरत नाहीत.
दुपारी एक वाजता, पिंपळखुट्याच्या पांदणीत,
मी वीतभर सळई रोवते जमिनीत,
गोधडीच्या दाभणासारखी,
तिला थोडी ऊब देते
आणि घड्याळ लावून बघत बसते
माती ती ऊब किती लवकर पुढे सोडते.

काळी माती सोडत नाही.
कोरडी झाली की सगळं धरून ठेवते.

नागपूरच्या ऑफिसात वाटतं, किती वीज जाईल ते तार ठरवते.
तार काय, नेईल म्हणाल तेवढी.
पण तापलेली तार निजते कशात,
शेवटी ते पांघरूण ठरवतं.
कॅटलॉगमधले सहाशे अँपिअर इथे चारशे दहावर येतात.
मी आकडा पेन्सिलीने लिहिते.
खोडता यावा म्हणून नव्हे,
पेनाच्या टोकावरच शाई वाळते.

गुणवंत तायवाडे, लाइनमन, निवृत्तीला अकरा महिने,
छत्री धरून उभे. माझ्यावर नाही, मीटरवर.
"ऊन लागलं त खोटं बोलन ना ते?"

मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी नकाशा पाहिला.
सबस्टेशनपासून अडाणच्या पुलापर्यंत
नऊ किलोमीटरची माझी रेघ,
तीन महिने घासूनपुसून सरळ केलेली.
"मॅडम, कागद सपाट हाये.
इथं खाली बोबड्यायची बुजोलेली इहीर हाये.
माह्या लग्नाच्या साली बुजवली, गोटे टाकून.
वरून नाई दिसत. पन तेवढ्या जाग्यावरची पऱ्हाटी
दरसाल आठ दिवस आंदी सुकते."

मी सळई रोवली.
गोट्यांमधल्या पोकळीत ऊब अडकून राहिली,
आकडा चढत गेला.
रेघ खोडली. बांधाच्या कडेने नवी आखली.
छत्री बंद करताना ते काहीच बोलले नाहीत,
हे मला आवडलं.

रात्री विश्रामगृहात खंदकाचा छेद काढला.
खोली सव्वा मीटर. तळाला चाळलेली वाळू, त्यात थोडं सिमेंट,
त्यावर तीन केबली एकमेकींना टेकून,
चुलीच्या तीन दगडांसारख्या.
वर फरशी. त्याच्या वर लाल पट्टी,
तिच्यावर छापलेलं: सावधान, खाली वीज आहे.
इतकं काळजीपूर्वक पुरलेलं वाक्य,
आणि कुणी वाचू नये हीच इच्छा.

मागच्या वावटळीत सतरा खांब आडवे झाले होते.
जिनिंगचा पट्टा तीन दिवस थांबला,
दवाखान्यातल्या लसी बर्फाच्या डब्यातून कारंज्याला गेल्या.
म्हणून हे सगळं.
हे मी कौतिकाबाई तलमलेंना समजावून सांगितलं,
त्यांनी ऐकलंही, तांब्या हातात धरून.
"मंग पोल काढान का? सत्ताईस नंबरचा बी?"
"सगळेच."
"आन पाव्हन्याले पत्ता काय सांगू?"

याचं उत्तर माझ्या गणितात नव्हतं.
त्या ओळीतल्या नऊ घरांचा पत्ता एकच:
सत्तावीसच्या पोलापासून तिसरं, पाचवं, शेवटचं.
सुनेच्या बाळंतपणाला गाडीही त्याच नंबरावर आली होती,
मध्यरात्री, टॉर्चच्या उजेडात.
तो आकडा तायवाड्यांनीच रंगवला होता,
नोकरीच्या पहिल्या वर्षी, उरलेल्या लाल रंगाने.
दोनाची शेपटी जरा लांबच गेलेली.

मार्करचे दगड दर शंभर मीटरला बसवायचे असतात.
माझ्या ड्रॉइंगवर आठशे, नऊशे,
आणि मधेच एक, आठशे चौसष्टला.
तपासणाऱ्या साहेबांनी लाल गोल केला: हा कशासाठी?
मी लिहिलं: स्थळपरिस्थिती.
त्यांनी सही केली.

दगड बसला त्या दिवशी मी तिथे नव्हते.
पुढे दिवाळीनंतर पाहणीला गेले तेव्हा
रस्त्याच्या बाजूने नियमाप्रमाणे केबलचा क्रमांक कोरलेला,
आणि घरांच्या बाजूने, लाल रंगात, २७,
दोनाची शेपटी
पार दगडाच्या कडेपर्यंत.