आठवं पाऊल

त्रिएस्तेत बोरा सुटला
की पाव आणायला ओंदिना स्वतःच निघते.
वय एकोणऐंशी. कोटाच्या खिशांत दोन चपटे दगड:
"वजन आता उसनं घ्यावं लागतं."

बोरा म्हणजे इथला डोंगरवारा,
स्वतःलाच प्यायलेलं वासरू.
स्कूटर आडव्या करतो,
कुणा नोटरीची टोपी थेट समुद्रात.
पूर्वी कोपऱ्यांवर धरायला दोर बांधत.
आता खांब आहेत, आणि ज्याचं त्याचं नशीब.

ती वाऱ्याशी झुंजत नाही.
खांबाला बिलगते, वाट पाहते.
मधेच तो श्वास घेतो ना,
तेवढ्यात सात पावलं.
सातच.
आठवं लोभाचं.

चाळीस वर्षं गोदीत कॉफीची पोती शिवली.
मुकादम ओरडायचा, हात चालवा, हात चालवा!
हात सगळ्यांचेच चालायचे.
सुतळी तुटायच्या नेमकं आधी थांबणं
फक्त तिला जमायचं
आणि एका मिर्यानाला, जी कुणाशी बोलायची नाही.

नातू तुल्लिओ विमा कंपनीत आहे.
तिथे रोज सकाळी उभ्यानं बैठक असते
(यावर ती आठवडाभर हसली).
भिंतभर पिवळ्या चिठ्ठ्या, इकडच्या तिकडे.
"आम्ही चपळ आहोत, आजी."
"पडलास कधी?"
"छे!"
"मग अजून कळायचंय."

वरच्या मजल्यावरची नीवेस क्रेन चालवते.
आज पहाटे वारा फक्त कुजबुजत होता
तेव्हाच ती शिडीवरून खाली आली,
डबा उघडला, सूप प्यायली.
कंपनीच्या वहीत हा दिवस कोरा दिसेल.
न पडलेल्या कंटेनरला रकाना नसतो.

आणि ओंदिना?
औषधाच्या दुकानापुढचा खांब
पालिकेनं परवाच काढला, तिला कुणी सांगितलं नाही.
सात पावलं संपली. हात पुढे. हाताला काहीच नाही.
वारा परत आला.

तो पाडणार, त्याआधी ती बसली.
भर रस्त्यात, मांडी घालून,
शेंगा सोलायला बसावं तशी,
पाव पोटाशी.
बस थांबली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.
घाई कुणालाच नव्हती,
निदान तेवढा वेळ.

खिडकीतून पाहून तुल्लिओ धावत सुटला,
आजी, आजी करत,
आणि तिच्यापासून चार हातांवर
सपशेल आडवा.

"हं," ती म्हणाली, पाव झटकत,
"आता बोल."