एवढं कबूल

टिपणीसबाई, तुमचं एवढं कबूल:
ऑक्टोबरात वारा पडतो.
सगळी मुंबई एसीचं बटण दाबते नेमकी तेव्हाच
माझ्या सड्यावरचे बावीस मनोरे
हात पसरून उभे राहतात,
शेवटची एसटी चुकल्यासारखे.

चेंबूरची आमची गच्ची. टाकीला टेकून दोन खुर्च्या.
समोर माहुलच्या बाजूला चिमण्या,
मागे सेक्रेटरीची पाटी: येथे पापड वाळवू नयेत.
मी तेवीस वर्षं पवनचक्क्यांचे बोल्ट आवळले,
कमरेला पट्टा, खिशात शेंगदाणे.
तुम्ही जवळजवळ तेवढीच वर्षं कंट्रोल रूमला,
रात्रपाळीत एका काट्याकडे बघत.
पन्नास. पन्नासच्या खाली नको, वर नको.

"तुमचा वारा म्हणजे जावई," तुम्ही म्हणालात,
"पानं मांडावीत तर पत्ता नाही,
भांडी घासून झाली की दारात.
आणि तुम्ही निघालात त्याची मोट बांधायला."
मी हसलो. उपमा बरी होती म्हणून.
मग घरी जाऊन जेवताना कबूल केलं,
एकट्यानंच.

पाखरांचं मात्र मी सोडत नव्हतो.
म्हटलं, मांजरं जास्त मारतात.
तुम्ही विचारलंत, "मांजर गरुड मारतं?"

नऊ नंबरच्या मनोऱ्याखाली, एका पहाटे,
पंख एकीकडे, बाकीचा तो एकीकडे.
मी टिकावानं खड्डा केला.
रजिस्टरात लिहिलं: सर्व ठीक.
हे साहेबांना सांगितलं नव्हतं, घरी तर नाहीच.
तुम्हाला का सांगितलं, ठाऊक नाही.
तुम्ही काही बोलला नाहीत.
जिंकलेला माणूस काहीतरी बोलतो, निदान खोकतो.

दुसऱ्या दिवशी तुम्हीच सुरुवात केलीत.
"माझंही एक घ्या लिहून.
लोड वाढला की मी फोन उचलायचे,
म्हणायचे, अजून चाळीस द्या.
ते चाळीस कुठून यायचे ते
माझ्या स्वयंपाकघरातून दिसायचं.
खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवलं की
अक्षर उमटायचं. मुलगी त्यात स्वतःचं नाव लिहायची,
मेधा, काना मात्रा सगळं नीट.
दप्तरात तिचा पंप असायचा, धाप लागली तर.
मी कट्ट्यावर फडकं मारायचे
आणि ड्यूटीवर जायचे."

त्यानंतर आम्ही दोघंही
सढळ हातानं देत सुटलो.
मी दिलं: जुनी पाती कुणी घेत नाही,
पुरतात ती, आडवी, अजस्र.
मी दिलं: धनगराचं कुरण गेलं,
मोबदल्यात त्याच्या पोराला शिट्टी आणि काठी,
त्याच कुरणावर पहारा करायला.
त्यांनी दिलं: राख. त्यांनी दिलं: कोळसा
तुमच्या वाऱ्यासारखा फुकट येत नाही,
कुणाचं तरी रान उकरून येतो.

आणि एका गुरुवारी दोघंही गप्प.
टाकी भरून वाहायला लागली होती.
कुणी उठेना.
मला भीती वाटली, खरंच वाटली,
की आता भांडण उरलं नाही तर
जिना चढून यायचं कशाला, या गुडघ्यांनी.

"बॅटरीचं राहिलंय," बाई म्हणाल्या.
"उद्या तयारी करून या. मी सोडणार नाही."

बॅटरीचं मला माहीत आहे.
त्यातलं निम्मं त्यांचं बरोबर आहे,
ते मी आज देऊ शकलो असतो.
नाही दिलं.
पंप बंद करायला गेलो तेव्हा
दोरीवर कुणाची तरी चादर
फुगली, पडली, बराच वेळ पडून राहिली,
मग पुन्हा फुगली.
पुरावा त्यांच्या बाजूचा होता.
मी मागे वळून बघितलं.
त्या जिना उतरत होत्या,
कठड्याला धरून, एक एक पायरी,
त्यांनी पाहिलं नव्हतं.