मुदत

तेप्पेईला आकडे वाचता यायला लागल्यापासून
आमच्या घरात काही शिळं होत नाही.
दुधाच्या खोक्यावर, टोफूच्या झाकणावर,
सुक्या मासळीच्या पाकिटाच्या पाठीवर
तो आधी तारीख शोधतो, भूक मागाहून.

म्हणून नोव्हेंबरात, डॉक्टर कानामारूंच्या दवाखान्यात,
सुई निघाली, कापसाचा बोळा दाबला गेला
आणि रडणं अर्ध्यावर टाकून त्यानं विचारलं,
हिची मुदत किती?

डॉक्टर सत्तरीचे, घाई त्यांच्या गावी नाही.
चष्मा पुसला, खिडकीबाहेर पाहिलं.
समुद्र तेव्हा मोकळाच होता, शिशाच्या रंगाचा.
म्हणाले, पहिले दोन आठवडे ती कामालाच लागत नाही.
मग तू आणखी एकदा यायचंस,
मोठ्यांना एक पुरते, तुझ्या वयाला दोन.
आणि मग?
मग बर्फ येईल, बर्फ जाईल. साधारण तोवर.

साधारण म्हणजे किती तारीख?

डॉक्टर हसले. मी हसले नाही.
मी हिशेब करत होते, दुसऱ्या टोचणीला
कारखान्यातून अर्धा दिवस मिळेल का,
शिंपले सोलायला आधीच दोघी कमी.

जानेवारीच्या शेवटी उत्तरेकडून बर्फ आला.
तो किनाऱ्याला टेकतो त्या रात्री
लाटांचा आवाज थांबतो,
आणि त्या शांततेनं आम्ही दचकून जागे होतो.
नवऱ्याची होडी वर ओढलेली, ताडपत्रीखाली.
तेप्पेईनं मान वाकडी करून दंडाला कान लावला.
येतो का आवाज? धाकट्या इतोहानं विचारलं.
नाही, तो म्हणाला, म्हणजे चालू आहे.

फेब्रुवारीत त्याच्या वर्गातले अकरा जण आडवे झाले,
शाळेनं वर्गच चार दिवस बंद ठेवला.
तिसऱ्या दिवशी त्याचं अंग मोडून आलं.
अडतीस पूर्णांक चार.
तापापेक्षा रागानं जास्त लाल.
मुदत संपली नव्हती!
बघ, बर्फ अजून आहे!

काय सांगणार होते मी?
की बर्फालाही भेगा असतात
आणि तिथूनच सील डोकी वर काढतात,
की हा ताप दर हिवाळ्यात तोंडवळा बदलून येतो
आणि त्याला ओळखायचं ते अंदाजानंच.
यातलं काही बोलले नाही.
भाताची पेज केली, वर एक खारवलेला आंबट उमे.
दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं दोनदा वाढून घेतली
आणि इतोहाचा वाटासुद्धा मागितला.

त्याच आठवड्यात माझ्या शेजारच्या टेबलावर
सेत्सुएची सुरी आठ दिवस पडून होती.
तिचा मुलगा कितामीच्या इस्पितळात.
टोचलं होतं का, हे मी विचारलं नाही.
ती परतली तेव्हा तिच्या वाट्याची एक टोपली
मी माझ्याकडे ओढून घेतली, एवढंच.

मार्च सरताना वारा फिरला.
एका सकाळी लाटा पुन्हा बोलायला लागल्या,
बंदरात क्रेन करकरली, होड्या पाण्यात उतरल्या.
तेप्पेई कोट चढवून दारात उभा,
बाही मनगटाच्या चार बोटं वर.
त्यानं कोटावरूनच दंड चाचपला.

गेली का गं?
विरत असेल, मी म्हटलं. एका दिवसात जात नाही.
मग आता माझ्याजवळ काय आहे?

कोट लहान झालाय तुला, मी म्हटलं.

ते उत्तर नव्हतं, हे त्यालाही कळलं.
रात्री भिंतीवरच्या कॅलेंडरचं नोव्हेंबरचं पान
उचलून पाहिलं तर दोन गोल होते,
पेनानं नाही, पेन्सिलीनं,
आणि खाली, संध्याकाळी
मला कसं लिहायचं विचारून गेलेला
एकच शब्द:
साधारण.